मिरजेला न्या

रात्री साडेनऊच्या सुमारास वाकडच्या उड्डाणपुलाखाली जो उभा राहील त्याला सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूरकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची वाट पाहत, बोचकी आणि बॅगा पायाशी घेऊन बसलेली जी मंडळी दिसतात, त्यांत हिंजवडीच्या कंपन्यांतून नोकऱ्या करणारी तरुण मुले जशी असतात, तशीच त्या मुलांची बिऱ्हाडे पाहावयास आलेली आणि पंधरवड्याच्या आतच शहराला विटून परत निघालेली म्हातारी माणसेही पुष्कळ असतात. अशाच एका रात्री आमच्या इमारतीतील एक आजीबाई मुलासह तेथे उभ्या असलेल्या मला आढळल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. घरातून निघून डावीकडे वळले तर एक आणि उजवीकडे वळले तर दोन, अशी डोळ्यांची इस्पितळे हाताशी असताना अडीचशे किलोमीटरचा प्रवास कशासाठी, असा मुलाचा रास्त प्रश्न होता, त्यावर आजींचे उत्तर एकच होते, "न्हाई, मला मिरजेला न्या. तिथं मिशनात दाखवायचं." मुलगा संगणकशास्त्रातला पदवीधर असला तरी सांगली जिल्ह्यातला होता, म्हणून त्याने वाद वाढविला नाही.

‘मिरजेला न्या’ हे वाक्य कृष्णाकाठच्या मुलखात आणि सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूर भागातही निव्वळ प्रवासाचे वाक्य नाही. गावच्या वैद्याने हात टेकले, तालुक्याच्या डॉक्टराने मान हलविली, देवाला कौल लावून झाला आणि तरीही माणूस अंथरुणावरून उठेना, म्हणजे घरातील कर्ता पुरुष जे शेवटचे वाक्य उच्चारीत असे ते हे. एका गावाच्या नावाला हा अर्थ कसा चिकटला त्याची हकिकत शोधू गेल्यास आपण ज्या माणसापाशी येऊन पोहोचतो, तो ह्या देशाचाही नव्हता आणि ह्या देशावर राज्य करणाऱ्यांच्या देशाचाही नव्हता. विल्यम जेम्स वानलेस हा कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १८६५ साली जन्मला, न्यूयॉर्कला वैद्यक शिकला, आणि १८८९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात उतरला.

ह्या मिशनचे दक्षिण महाराष्ट्रातील ठाणे नवे नव्हते. रॉयल वाइल्डर नावाच्या पाद्र्याने १८५२ साली कोल्हापुरात त्याचा पाया घातला होता. पाद्री शाळा काढीत, बाजारच्या दिवशी चव्हाट्यावर उभे राहून प्रवचन करीत, आणि लोक ते प्रवचन ऐकून, क्वचित दोन प्रश्न विचारून, मीठमिरची घ्यावयास पुढे जात. डॉक्टर आला म्हणजे लोक थांबतील, असा मिशनचा हिशेब असावा. हिशेबाचा पूर्वार्ध खरा ठरला.

वानलेसांनी प्रारंभी सांगलीस एक लहानसा दवाखाना चालविला आणि नंतर आपला मुक्काम मिरजेस हलविला. तेथे १८९४ साली इस्पितळाची इमारत उभी राहिली. मिरज त्या काळी इंग्रजी अंमलाखालील जिल्ह्यात मोडत नव्हती. पटवर्धनांच्या दौलतीच्या वाटण्या होत होत सांगली वेगळी झाली होती, आणि मग खुद्द मिरजेच्याही थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन पात्या पडून धाकट्या पातीचे ठाणे बुधगावास गेले होते. मिरज शहरात थोरल्या पातीच्या बाळासाहेब पटवर्धनांचे राज्य होते. त्यांचा दरबार, त्यांचे कारभारी, त्यांची दप्तरे, आणि ह्या सर्वांवर कोल्हापुरात बसून डोळा ठेवणारा इंग्रजांचा पोलिटिकल एजंट. ज्या परक्या डॉक्टराला एखाद्या इंग्रजी जिल्ह्यात कलेक्टर व सिव्हिल सर्जन ह्यांच्या उतरंडीत तळाशी बसावे लागले असते, त्याला संस्थानी गावात मात्र थेट राजवाड्यात प्रवेश होता, आणि राजवाड्यातील कोणी बरे झाले की त्याची वार्ता कोणत्याही जाहिरातीहून लवकर वेशीबाहेर जात असे.

परंतु माझ्या मते वानलेसांचा खरा आश्रयदाता संस्थानिक नसून लोहमार्ग हा होता. पुण्याहून दक्षिणेकडे बेळगावास जाणारी गाडी मिरजेवरून जात असे. १८९१ साली कोल्हापूर दरबाराने आपली स्वतःची रेल्वे मिरजेपर्यंत आणून तिला जोडली. आणि पुढे १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचा चिमुकला फाटाही पंढरपुराकडून येऊन मिळाला. ज्या रोग्याला बैलगाडीत घालून दहा कोस नेणे म्हणजे त्याला वाटेतच गमावणे होते, त्याला आता रात्रीच्या पॅसेंजरमध्ये घोंगडीवर निजवून पहाटे इस्पितळाच्या दारात आणता येऊ लागले. तो तेथे एकटा येत नसे. त्याच्याबरोबर बायको, भाऊ, एखादी विधवा आत्या, पिठाचे गाठोडे, तव्यासह स्वयंपाकाची भांडी आणि कधीकधी दुभती शेळीसुद्धा येई, आणि इस्पितळाच्या आवारात झाडाखाली तीन दगडांच्या चुली पेटत. मिशनऱ्यांच्या हातचे पाणी पिणे अनेकांच्या धर्मात बसत नव्हते, आणि पातळ औषध म्हणजे पाणीच. म्हणून पुडी चालते पण बाटली चालत नाही, गोळी चालते पण ती आपल्याच तांब्यातल्या पाण्याबरोबर, असे नाना तऱ्हेचे समझोते त्या काळच्या सर्वच पाश्चात्त्य दवाखान्यांना करावे लागत. विदेशी डॉक्टराचे पहिले शिक्षण ह्या ओसरीवर होई.

दुसरे शिक्षण भाषेचे. मिशनच्या शिरस्त्याप्रमाणे नव्याने आलेल्या प्रत्येकाला मराठी शिकावे लागे, आणि त्यासाठी १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला व १८५७ साली वाढवून छापलेला मोल्सवर्थसाहेबाचा कोश हाताशी असे. कोश थोर आहे ह्यात संशय नाही. पण दुखण्याविषयी मराठी माणूस जे बोलतो ते कोशातून शिकता येत नाही. इंग्रजीत शिकलेला डॉक्टर ‘दुखते का’ एवढे विचारू शकतो आणि त्याला होय किंवा नाही असे उत्तर अपेक्षित असते. आपला रोगी होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो म्हणतो, कळ येते. किंवा ठणका लागलाय. किंवा सलतंय, खुपतंय, चुरचुरतंय, ठसठसतंय. पाठीत उसण भरली, बरगडीत चमक आली, पायाला रग लागली, डोक्यात तिडीक गेली, पोटात मुरडा पडला, पोटात गोळा आला, हाडं फुटल्यागत होतंय. ही नुसती शब्दांची उधळपट्टी नव्हे. कळ येते आणि जाते, ठणका मात्र नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो. सलते ते आत काही रुतलेले असते म्हणून. ठसठसते ते गळू पिकत आले म्हणून. चुरचुरते ते वरवरचे, आणि ‘कसंतरीच होतंय’ असे जो रोगी म्हणेल त्याची छाती आधी तपासावी. क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५ सालचा; त्याच्या वर्षभर आधी उघडलेल्या इस्पितळातील शल्यवैद्याला रोग्याच्या शरीरात डोकावण्यासाठी आपली बोटे आणि रोग्याचे क्रियापद ह्यांखेरीज तिसरे साधन नव्हते, आणि ज्याला ठणका व कळ ह्यांतील भेद कळला नाही त्याने पिकलेल्या आतड्यास साधी पोटदुखी समजून एरंडेल पाजले असते. म्हणून मला असे वाटते, की असा डॉक्टर खऱ्या अर्थाने गावात राहावयास येई तो आपले सामान उतरविले त्या दिवशी नव्हे, तर एखाद्या म्हातारीच्या तोंडून ‘तिडीक’ हा शब्द ऐकून ज्या दिवशी त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, त्या दिवशी.

वानलेसांची ख्याती झाली ती शस्त्रक्रियांनी, आणि त्यांतही मोतीबिंदूच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांनी. लोकांच्या मनावर मोतीबिंदूचा परिणाम सर्वांत मोठा होई, आणि त्याचे कारण उघड आहे. अंतर्गळ बरा झाला तर ते धोतराच्या आत राहते, मुतखडा निघाला तर तो फार तर एखाद्या डबीत घालून आल्यागेल्यास दाखविता येतो. पण ज्याला काठी धरून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून नेले होते, तो जेव्हा गाडीतून स्वतः उतरतो आणि पारावर बसलेल्यांना नावाने हाक मारतो, तेव्हा साऱ्या गावाला पुराव्याची गरज राहत नाही. क्लोरोफॉर्मने माणूस निजतो आणि कार्बोलिकने जखम चिघळत नाही, ह्या दोन गोष्टी युरोपात १८४७ व १८६७ ह्या सालांच्या सुमारास प्रस्थापित होऊ लागल्या होत्या. कृष्णाकाठच्या कुणब्याला त्या प्रथम कळल्या त्या अशा पारावर.

मिरजेचा हा लौकिक किती पसरला होता त्याचे एक उदाहरण आपल्या रंगभूमीच्या इतिहासातच आहे. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या एका गोड गळ्याच्या मुलाला कानाने कमी ऐकू येते म्हणून शाहू महाराजांनी त्याला औषधोपचारासाठी मिरजेस पाठविले, तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम योगायोगाने तेथेच होता. मंडळीच्या चालकांच्या दृष्टीस आणि कानास तो पडला, आणि १९०५ साली मिरजेतच शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभा राहिला. बालगंधर्वांच्या चरित्रात ही गोष्ट दैवयोग म्हणून सांगतात. मला तिच्यात दैवाइतकाच इस्पितळाचाही हात दिसतो. कारण लोक ज्या गावी दुखणी घेऊन येऊन राहतात, त्या गावी खानावळी निघतात, टांगे वाढतात, आणि नाटक कंपन्यांना प्रेक्षक मिळतात.

त्याच काळात पुण्याकडे इंग्रजी वैद्यकाची काय कीर्ती होती, ते आमच्या ह्या भागातल्या माणसाला निराळे सांगावयास नको. वाकडहून रिक्षाने पाव तासात जेथे पोहोचता येते त्या चिंचवडचे चापेकर बंधू. त्यांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड ह्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्याच्या आधी काही महिने गोरे सोजीर पुण्यातील घराघरांत शिरून रोगी शोधीत होते, देवघरापर्यंत जात होते, सामान रस्त्यावर काढून जाळीत होते आणि माणसांना छावण्यांत नेऊन टाकीत होते. प्लेग खरा होता आणि रोग्यांना वेगळे ठेवण्यातील शास्त्रही खरे होते; पण ते शास्त्र संगिनीच्या टोकावर बसून आले. आता हे पाहा, की ज्या वर्षी पुण्यात हा प्रकार घडला त्याच १८९७ साली मिरजेत वानलेसांनी एतद्देशीय तरुणांसाठी वैद्यकाची शाळा काढली. एके ठिकाणी डॉक्टर घरात घुसतो म्हणून लोक रोगी लपवीत होते, आणि रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर दुसऱ्या ठिकाणी लोक रोगी खांद्यावर घालून डॉक्टराचे दार ठोठावीत होते. दोघेही परके, दोघांची औषधे एकाच पेठेतली. फरक एवढाच की मिरजेस जाणे न जाणे हे रोग्याच्या मर्जीवर होते.

मिशनचा डॉक्टर निरपेक्ष होता असे मात्र मी म्हणणार नाही. तो आपला धर्म देण्यासाठी आला होता आणि ते त्याने कधी लपविलेही नाही. ओसरीत बसलेल्या रोग्यांपुढे बायबल वाचणे, शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करणे, हा मिशन-इस्पितळांचा परिपाठच होता. ह्यावर त्या काळच्या वृत्तपत्रांतून पुष्कळ शाई खर्च झाली आहे, आणि दुखणाईत माणसाच्या असहायतेचा असा उपयोग करावा काय, हा आक्षेप आजही मला गैरलागू वाटत नाही. पण घडले काय ते पाहिले म्हणजे हसू येते. लोकांनी प्रार्थना होऊ दिली, डोळे मिटून घेतले, ‘आमेन’ला मान डोलाविली, बरे झाले, चार आण्यांचे पेढे आणून डॉक्टराच्या टेबलावर ठेवले, आणि स्टेशनावर जाण्यापूर्वी मीरासाहेबांच्या दर्ग्यास चादर व वाटेवरच्या मारुतीस नारळ देऊन गाडी पकडली. ख्रिस्ती झाले ते थोडे. बरे होऊन गेले ते अगणित. गावाने त्याच्याकडून हवे ते ठेवून घेतले आणि नको ते, त्याला वाईट न वाटेल अशा बेताने, हात जोडून परत केले.

मिरज अशा व्यवहारात मुरलेलीच आहे. जिथे शिकलगारांनी तलवारींना धार लावता लावता सतारी आणि तंबोरे घडविण्याचा धंदा उचलला, जिथे उत्तरेकडील कैराण्याहून निघालेले अब्दुल करीम खाँ येऊन स्थायिक झाले आणि १९३७ साली त्यांचा देह दर्ग्याच्या आवारात विसावला, ज्या गावचे राज्यकर्ते पटवर्धन स्वतःच कोकणातून घाट चढून आलेले, तेथे कॅनडातून एक माणूस आला ह्याचे गावाला किती अप्रूप वाटावे? शाळेतून वैद्यक शिकून निघालेली मुले आसपासच्या तालुक्यांत पांगली; परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले; महारोग्यांसाठी १९०० साली निराळे इस्पितळ निघाले; कोल्हापुरातील इस्पितळाला डॉक्टरांच्या पत्नीचे, मेरी वानलेस ह्यांचे, नाव मिळाले; आणि सांगली व मिरज ह्यांच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले, ज्या काळी क्षयावर उघडी हवा, दूध आणि धीर ह्यांपलीकडे औषध नव्हते. वानलेसांच्या पाठोपाठ डॉ. व्हेल आले. तिकडे समुद्रकाठी वेंगुर्ल्यास डॉ. गोहीन ह्यांनी सेंट ल्यूक्स इस्पितळ चालविले. त्यांचा मुलगा, जो १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला, तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीस परत आला.

परदेशी डॉक्टर म्हटला की तो गोराच असला पाहिजे, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. गोव्यात पोर्तुगीजांनी १८४२ साली स्थापिलेल्या वैद्यकीय विद्यालयाचे कितीतरी पदवीधर आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत डॉक्टरी करीत होते. आणि मूळचे गोव्याचे डॉ. रोझेंडो आयरिस रिबेरो १९०० साली, नैरोबी हे रेल्वेच्या गोदामाभोवती वसलेले तंबूंचे गाव होते तेव्हा, तेथे तंबू ठोकून दवाखाना उघडून बसले. त्यांनी एक झेब्रा माणसाळवला होता आणि त्याच्या पाठीवर बसून ते रोगी तपासावयास जात. त्यांनी १९०२ साली हिंदी बाजारातील रोग्यांत प्लेग ओळखला आणि तसे अधिकाऱ्यांस कळविले. अधिकाऱ्यांनी सारा बाजारच पेटवून दिला, आणि त्यात रिबेरोंचा स्वतःचा दवाखानाही गेला. रिबेरोंजवळ निदान होते, हुकूम नव्हता. वानलेसांजवळही हुकूम नव्हता. पण मिरजेस जाळपोळ करणारा अधिकारी नव्हता, हे त्यांचे भाग्य.

वानलेसांनी १९२८ साली मिरज सोडली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केले. चाळिसांहून एक कमी, इतकी वर्षे त्यांनी ह्या मुलखात काढली होती, आणि तरीही १९३३ साली त्यांना मरण आले ते दूर कॅलिफोर्नियात. आरोग्यधामाच्या आसपास जी वस्ती वाढली तिला लोकांनी वानलेसवाडी म्हटले. सांगलीहून मिरजेस जाणाऱ्या बसचा कंडक्टर आज हे नाव ज्या सहजतेने पुकारतो, ती ऐकून ह्या वाडीचा कोणी वानलेस पाटील असावा असेच एखाद्या परगावच्या प्रवाशास वाटेल.

आमच्या आजीबाई तीन आठवड्यांनी वाकडला परत आल्या. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा काळा चष्मा होता आणि हातात मिरजेच्या पेढ्यांचा पुडा. शस्त्रक्रिया शेवटी मिरजेतल्याच दुसऱ्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात झाली होती. सुनेने ते सांगितले, पण आजींना त्यात काही फरक वाटला नव्हता. त्यांच्या लेखी मिरज म्हणजे मिशनच.

"दुखतंय का अजून?" मी विचारले.

"दुखत न्हाई बाबा," त्या म्हणाल्या, "नुसतं चुरचुरतंय."